कोटावरचं पातेलं

जर्मनीतल्या र्युसेल्सहाइमच्या मराठी मंडळींत शशिकांत देवस्थळी 'पावतीवाले' म्हणून ओळखले जायचे. मोटारींच्या कारखान्यात ते ब्रेकच्या चाचण्या घेत. पण त्यांचं खरं राज्य रविवारी सकाळी, जेवणाच्या टेबलावर. नवीन आलेले इंजिनियर, पीएचडीवाली पोरंपोरी, सगळे आपापल्या टॅक्सचे कागद पिशवीत कोंबून त्यांच्याकडे यायचे आणि शशिकांतराव एक पैसा न घेता ते फॉर्म भरून द्यायचे. कोणी म्हणालं, "काका, याची पावती हरवली," की ते चष्म्यावरून बघायचे. "पावती नाही, तर ते घडलंच नाही," असं म्हणून पुढचा कागद उचलायचे. एवढा कोरडा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

त्यांच्या बायकोची, सुरेखाची, मी मैत्रीण. दोन घरं सोडून राहणारी. माझे यजमान श्यामकांत त्याच कारखान्यात, त्यामुळे आम्हा दोघींचं पंचवीस वर्षं एकच काम, माइन्त्सला जाऊन दुकानं पालथी घालायची. आणि एवढ्या मोठ्या पावतीवाल्याची बायको काय करायची? परतीच्या गाडीत बसण्याआधी पावतीचे बारीक तुकडे करून स्टेशनवरच्या कचऱ्याच्या डब्यात टाकायची. घरी किंमत सांगायची ती निम्म्याहून कमी. १९८९ साली तिने बाटलीसारख्या हिरव्या रंगाचा लोकरी कोट घेतला, दोनशे चाळीस मार्कांना. माझ्यासमोर दारात उभी राहून म्हणाली, "अहो, सेल होता, नव्वद मार्कांना मिळाला." शशिकांतरावांनी वहीत नव्वद लिहिले. मी हसू दाबायला खाली वाकून बुटाची लेस बांधत बसले होते.

सुरेखा साताऱ्याची. तिच्या आईच्या दारात बोहारीण यायची, जुन्या कपड्यांवर भांडी देणारी. तिच्याशी तासभर घासाघीस करून, पातेल्याबरोबर वर झाकणही फुकट घेतल्याशिवाय आई सोडायची नाही. सुरेखा त्या दोघींच्या नकला करायची तेव्हा हसून पोट दुखायचं. पण एक गोष्ट ती हसत सांगायची नाही. गेलेल्या माणसाचे कपडे नुसते देऊन टाकायचे, त्यावर काही म्हणजे काही घ्यायचं नाही. घेतलं तर ते माणूस सुटत नाही, घरातच घुटमळतं. तिच्या काकूने हे ऐकलं नाही. काकांच्या कोटावर दुधाचं पातेलं घेतलं. आणि त्या पातेल्यातलं दूध म्हणे कधी उतू गेलं नाही. काकू विसरून अंगणात गप्पा मारत बसली तरी नाही.

"काका लक्ष ठेवायचे," सुरेखा म्हणायची, आणि आम्ही सगळे तिच्याजवळ सरकून बसायचो. शशिकांतराव तेवढे वर्तमानपत्र वाचत असायचे.

दोन हजार चारच्या नोव्हेंबरात सुरेखा गेली. पोटातला कॅन्सर, कळल्यापासून सहा आठवडे. चौदाव्या दिवशी सकाळी शशिकांतरावांचा फोन आला. "वहिनी, तिचे कपडे द्यायचेत. आजच."

मी गेले. त्यांनी निळ्या पिशव्यांचा गठ्ठाच आणून ठेवला होता. साड्या, स्वेटर, बूट, सगळं त्यांनी एकेक करून माझ्या हातात दिलं. सात पिशव्या झाल्या. सुपरमार्केटच्या मागे जुने कपडे टाकायचा लोखंडी कंटेनर आहे, कुठल्याशा संस्थेचा. त्याची झडप ओढायची, आत पिशवी ठेवायची, सोडायची. सात वेळा ती झडप खणकन वाजली. तो आवाज पुढे कित्येक दिवस माझ्या कानातून गेला नाही.

आणि आता कबूल करते. हिरवा कोट मी त्या पिशव्यांत टाकला नव्हता. ते खालून आणखी पिशव्या आणायला गेले तेव्हा मी तो घडी घालून माझ्या पिशवीत कोंबला. मागितला असता तर त्यांनी दिला असता. मग मागितला का नाही? मला माहीत नाही. घरी नेऊन मी तो कपाटात मागे टांगला आणि त्याला हातही लावला नाही.

पुढच्या जूनमध्ये शिवांगीचा फोन आला. शिवांगी त्यांची मुलगी, रेगेन्सबर्गला विद्यापीठात शिकते. तिला मराठी सगळं कळतं, पण बोलते जर्मनच. त्या दिवशी मात्र घाबरून दोन्हीची खिचडी झाली होती. "नंदिनीमावशी, पापा ममाशी बोलतात. एश्ट, खरंच. मी फोनवर ऐकलं. मध्येच थांबतात आणि तिला काहीतरी विचारतात."

रविवारी सकाळी मी त्यांच्याकडे गेले. टेबलावर चहाचे दोन कप. मला वाटलं दुसरा माझ्यासाठी, म्हणून उचलायला गेले, तर तो भरलेला होता आणि गार होता. मी हात मागे घेतला.

"बसा वहिनी," ते म्हणाले. "जरा कामात आहे. फिनान्झआम्टचं पत्र आलंय."

काम असं होतं. सुरेखाचे कपडे दान दिले म्हणून त्यांनी टॅक्समध्ये सूट मागितली होती. टॅक्सच्या ऑफिसने साधंच विचारलं होतं, संस्थेची पावती जोडा, आणि प्रत्येक वस्तू कधी घेतली, केवढ्याला, कोणत्या स्थितीत होती, ते कळवा.

"पण कंटेनर कुठे पावती देतो?" मी म्हटलं.

"नाही देत. मी आयगनबेलेग केलाय. आपली आपण लिहायची पावती."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. हेच का ते पावतीवाले? दुसऱ्या कोणी असा कागद पुढे केला असता तर त्याला दाराबाहेर काढलं असतं यांनी. मी यादी ओढून घेतली. त्यांच्या त्या नेटक्या, उभ्या अक्षरात बेचाळीस वस्तू. जांभळी नारायणपेठ, १९९४, पुणे, पदराजवळ तेलाचा डाग. करडे बूट, १९९८, माइन्त्स, एकशे तीस मार्क.

एकशे तीस. घरी तिने पन्नास सांगितले होते.

मी पुढे वाचत गेले. निळा स्वेटर, एकशे दहा. पांढरी शाल, पंच्याऐंशी. एकूण एक खरी किंमत. या किमती जगात दोघींनाच ठाऊक होत्या. त्यातली एक मी, आणि मी कधी तोंड उघडलं नव्हतं. पावत्या तर माझ्या डोळ्यांदेखत फाटल्या होत्या.

"या किमती तुम्हाला कोणी सांगितल्या?"

"सुरेखानं," ते म्हणाले, जसं काही ती बाजारात गेली आहे. "सकाळी चहाला बसलो की सांगते. आता खोटं बोलून काय करायचंय, म्हणते."

बाहेर लख्ख ऊन होतं. शेजारचा म्हातारा गवत कापत होता. मला मात्र त्या खोलीत पाठीमागे वळून बघायचा धीर होईना. मी यादी पुन्हा वरपासून खालपर्यंत पाहिली. सगळ्यात महाग वस्तू, हिरवा कोट, तीत नव्हता. मी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. भीतीने म्हणा, लाजेने म्हणा, माझा आवाज चढला.

"शशिकांतराव, हे बंद करा. तिचं बोलणं आठवत नाही का तुम्हाला? गेलेल्या माणसाच्या कपड्यांवर काही घ्यायचं नाही. ती सुटायची नाही अशानं. तुम्ही पेपरात डोकं घालून बसायचात, तुम्ही कशाला ऐकलं असेल म्हणा!"

त्यांनी पेनाला टोपण लावलं.

"ऐकलं होतं, वहिनी. दरवेळी ऐकलं होतं," ते म्हणाले. "म्हणून तर मागतोय."

मला आधी अर्थच लागेना.

"पिशव्या टाकून घरी आलो आणि कपाट उघडलं. नुसते हँगर. तेव्हा कळलं मी काय करून बसलो ते. सगळं देऊन टाकलं, एका सकाळी, बदल्यात काही न घेता. मग ती कशाला थांबेल? आता टॅक्सवाल्यांनी चाळीस युरो दिले तरी चालतील. चार दिले तरी चालतील. पण काहीतरी हातात पडलं पाहिजे. अर्ज टाकला त्या दिवसापासून ती येतेय. निकाल लागेपर्यंत थांबेल, असं वाटतं."

मला त्यांचा राग आला होता आणि त्यांची कीवही येत होती. मी उठले. दारापाशी पोचले तेव्हा ते मागून म्हणाले, "कोट लिहिला नाही मी. जे दिलंच नाही ते कसं लिहायचं? ती म्हणाली, कोट गेलेला नाही."

मी घरी कशी आले ते आठवत नाही.

ऑगस्टमध्ये नकार आला. त्यांनी त्यावर आइनश्प्रुख केला, म्हणजे हरकत घेतली. चार पानी पत्र. ब्रेकच्या अहवालातही त्यांनी एवढा जीव ओतला नसेल. शिवांगी येऊन डॉक्टरकडे चला म्हणून रडून गेली. ते बधले नाहीत. मीही तिला काही सांगितलं नाही. काय सांगणार होते?

ऑक्टोबरच्या मध्यावर त्यांचा फोन आला. "शून्य आलं, वहिनी."

मी गेले. टेबलावर एकच कप होता. पत्र सभ्य भाषेत होतं, संस्थेच्या पावतीशिवाय दान मानता येत नाही, क्षमस्व. शशिकांतराव खुर्चीत बसले होते आणि घरात फक्त फ्रिजची घरघर ऐकू येत होती. स्वयंपाकघरात ओट्यावर दूध उतू गेलेलं, करपलेलं, तसंच पडलेलं.

"पत्र येऊन आठ दिवस झाले, तेव्हापासून बोलली नाही," ते म्हणाले. "मीच म्हणायचो ना, पावती नाही तर घडलंच नाही. पोरांना हसत हसत म्हणायचो." आणि तो कोरडा माणूस माझ्यासमोर लहान मुलासारखा रडला. पंचवीस वर्षांत मी त्यांचे डोळे ओले झालेले पाहिले नव्हते, ती जळताना सुद्धा.

सोडून द्या, विसरा, पुढे चला, असं त्यांना सांगायला मीच जूनमध्ये आले होते. आणि माझ्या कपाटात काय होतं? मला ती सुटायला हवी होती, तर मी कोट का ठेवून घेतला होता?

मी घरी गेले. कपाटातून तो कोट काढला आणि पहिल्यांदा अंगात घातला. बाह्या जरा लांब झाल्या. स्वयंपाकघरातलं माझं दुधाचं स्टीलचं पातेलं घेतलं, पुण्याहून आणलेलं, बुडाशी नाव घातलेलं. श्यामकांत विचारत होते, "अगं, कुठे निघालीस?" त्यांना उत्तर न देता बाहेर पडले.

शशिकांतरावांनी दार उघडलं. कोटाकडे पाहिलं, मग पातेल्याकडे. त्यांच्या चेहऱ्यावर आश्चर्याचा मागमूस नव्हता.

"बोहारीण आलेय," मी म्हटलं. "कोट मी घेतला. त्यावर हे देते."

त्यांनी पातेलं हातात घेतलं, उलटं करून बूड पाहिलं, बोटाने वाजवलं. दारातच उभे राहून म्हणाले, "दोनशे चाळीस मार्कांचा कोट आहे बाई. एवढ्याशा पातेल्यावर भागवतेस होय? झाकण कुठाय?"

तो सूर त्यांचा नव्हता. साताऱ्याचा होता. मी मुद्दाम मागे ठेवलेलं झाकण पिशवीतून काढून दिलं.

मग त्यांनी चहा करतो म्हणून त्या पातेल्यात दूध तापत ठेवलं आणि माझ्यासमोर येऊन बसले. शिवांगीचं बोलले, थंडी लवकर आली म्हणाले. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. माझं सगळं लक्ष स्वयंपाकघराकडे. शेवटी मी ताडकन उठलेच.

"अहो, दूध!"

"बसा हो वहिनी," ते म्हणाले. किती तरी महिन्यांनी ते हसत होते. "ती आहे ना तिथे."

मी कोट सावरला आणि खाली बसले. आत जाऊन पाहिलं नाही.