अक्कांनी शिवलेला पदर

रत्नाअक्का आणि माझी पहिली भेट भालकीतल्या माझ्या रंगकामाच्या दुकानात झाली. मी एका औषध दुकानाची पाटी रंगवत होतो. आरोग्य खात्यातून नुकत्याच निवृत्त झालेल्या अक्का पायरीवर उभ्या राहिल्या आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "पेंटर, गर्भाशयाचं चित्र काढायला येतंय का तुला? शाळंतल्या पोरींना शिकवायचंय." बाकावरची गिऱ्हाइके उठून गेली. मी म्हणालो, "माप सांगा, काढतो."

ही कला मी कुणाच्या हाताखाली शिकलेलो नाही. पण मापात चुकलेलो नाही, हे भालकीत कुणीही सांगेल. अक्कांनी माप दिले ते असे: उलटा धरलेला पेरू आणि दोन बाजूंना दोन बदाम. मी बाजारातून मध्यम पेरू आणून समोर ठेवला आणि मागच्या बाकावरून दिसावे म्हणून मांजरपाटाच्या कापडावर सगळे चौपट केले.

खटकचिंचोळीकडच्या एका खेड्यातले हेडमास्तर मात्र अडून बसले. "उघडी बाई चालायची न्हाई पेंटर. लुगडं नेसवा." मी नेसवले. हिरवे इरकल, लाल काठ, काठातली रेघ न् रेघ सुटी. आणि गर्भाशय त्या लुगड्यावरच रंगवले. तक्ता वर्गात टांगल्यावर आठवीतली एक मुलगी बराच वेळ निरखून म्हणाली, "अक्का, माझ्या मायच्या लुगड्यावर असलं काई न्हाई बघा."

सगळा वर्ग हसला. सगळ्यांत जास्त अक्का हसल्या. "काठ तरी बघा की," मी म्हणालो. "काठ झ्याक हाय रे मारुती," त्या डोळे पुसत म्हणाल्या, "पण पोरींना काठ शिकवायचा न्हाई."

दुसरा कुणी असता तर त्याने हेडमास्तरांशी भांडण काढले असते. अक्कांनी पोटापुरते लुगडे माझ्याकडून अंगाच्या रंगाचे करून घेतले आणि आपल्या जुन्या हिरव्या इरकलीचा खरा पदर कापून त्यावर वरच्या कडेने शिवला. पदर खाली असला की घरातली बाई. वर केला की धडा सुरू. तो अक्का स्वतः कधी वर करीत नसत. "कोण उठतंय?" एवढेच विचारून वाट बघत. पहिल्या दिवशी तीच मुलगी उठली. मुलग्यांनाही त्या बाहेर पाठवीत नसत. "ह्यांच्या बी घरी बहिणी हायत्या," म्हणत.

माझ्या घरावर त्यांचे उपकार आहेत. माझी मुलगी रेखा लहान असतानाच तिची आई गेली. तिला पहिली पाळी आली तेव्हा मला काय करावे ते सुचेना. अक्का आल्या, तिच्याजवळ बसल्या आणि मी बाहेर निघालो तर म्हणाल्या, "तू बी बस. बापानं बी ऐकायचं." मग पॅड आणायला मलाच पिटाळले. मी घुटमळलो. "लाजायलास कामून? त्या औषधाच्या दुकानाची पाटी तूच रंगवलास की!" मी परत येताना शेजाऱ्यांनी रेखाला कोपऱ्यात बसवायचे सुचवले, तेव्हा अक्कांनी तिला स्वयंपाकघरात नेऊन चहा टाकायला लावला. तो चहा आम्ही तिघांनी प्यायला. साखर जास्त झाली होती.

आज रेखा त्याच शाळेत विज्ञान शिकवते आणि तोच तक्ता टांगते. अक्का गुडघ्यांमुळे मुलाकडे बेंगळुरूला गेल्या. मुले अजूनही उठतात, पदर वर होतो. पण मागून अक्कांचे ते हसू येत नाही. फोनवर अक्का म्हणतात, "इथं सगळं हाय मारुती. पण मला कुणी काई विचारतच न्हाई रे." मी भालकीचा ऊन-पाऊस सांगतो.

पदराची एका बाजूची शिवण आता सुटली आहे. शेजारीच टेलर आहे. रेखा म्हणते, "अप्पा, दोन टाके तर मारायचे हायत, थांबलाव कामून?" मी टाचणीवर भागवतो. ते टाके अक्कांचे आहेत, दुसऱ्याचा हात मला ओळखू येईल.

पंच्याहत्तरी पूर्ण करणाऱ्या अक्कांना सुईत दोरा ओवता येईल अशी नजर आणि भालकीच्या बसची पायरी चढता येईल असे गुडघे पुष्कळ वर्षे लाभोत. हिरवा दोरा मी आणून ठेवला आहे. पदराशेजारी उन्हात धरून रंग जुळवून घेतला आहे.