माणसं टिकवायचा उद्योग

वकिलांच्या ऑफिसात किस्से फार साठतात. साठणारच! अशिलाचं अवाक्षर बाहेर काढायचं नाही अशी शिस्त, मग बोलायला उरतं कोण? आपणच! त्यात आमची फर्म दिल्लीतल्या एका बंगल्याच्या गॅरेजमधून उठून गुडगावच्या काचेच्या टॉवरमध्ये गेली, तो काळ. खिडकीतून एकीकडे मोहरीची शेतं दिसायची, दुसरीकडे क्रेन. यातले काही किस्से मला अजूनही नीट कळलेले नाहीत. तुम्हाला कळले तर सांगा बाई.

*

आमचे मालक खुराणासाहेब. मनाने सोनं, पण ऐकण्याच्या बाबतीत आनंद!

एक परदेशी क्लायंट ऑफिस बघायला आला. चहा पिता पिता त्याने विचारलं, "तुमच्याकडे वेगवेगळ्या प्रकारची माणसं किती? आणि ती टिकतात का?"

साहेब म्हणाले, "सर, इथे सगळेच टिकतात. संध्याकाळी रस्त्यावर इतका जाम असतो की कोणी जाऊच शकत नाही!"

क्लायंट हसला नाही. मग मात्र साहेब घाबरले. तो गेल्या गेल्या केबिनमधून बाहेर आले आणि एकेकाच्या तोंडाकडे बघायला लागले. माझ्यापाशी थांबले.

"पाटील, तू साऊथ की है ना?"

"सर, मी सोलापूरची."

"हां, वही. दिल्ली से तो साऊथ ही हुआ!"

त्या दिवसापासून मी फर्मची विविधता झाले. घरी नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणतो, "मग पगार वाढला का?" म्हटलं, नाही रे, नुसती विविधता वाढली.

*

पण साहेबांना खरी काळजी होती एस्थरची. एस्थर मिझोरामची, ऐझॉलची. आमच्या अख्ख्या मजल्यावर तिच्यासारखा करार कोणाला लिहिता यायचा नाही. तिला सिंगापूरहून बोलावणं आलं होतं आणि दिवाळीच्या आत जाते, असं तिने सांगूनही टाकलं होतं.

आता तिला काय हवं होतं, ते तिने मला पहिल्याच वर्षी सांगितलं होतं. "पाटील, मी लिहिते आणि सर उभे राहून वाचतात. मला स्वतःला उभं राहायचंय." बस, एवढंच! लवादाच्या सुनावणीत आपली केस आपण मांडायची. हे तिने साहेबांनाही दरवर्षी सांगितलं. साहेबांनी दरवर्षी "बिल्कुल, बेटा, बिल्कुल" म्हटलं.

आणि काय केलं? कँटीनमध्ये बुधवारी मोमो सुरू केले! तेही पनीरचे. साहेब स्वतः प्लेट घेऊन तिच्या टेबलाशी गेले.

एस्थर म्हणाली, "सर, मुझे तो राजमा-चावल पसंद है."

साहेब माझ्याकडे वळले, डोळे अगदी भरून आलेले. "देखो, कितनी अ‍ॅडजस्टिंग लड़की है!"

मोमो मात्र चालूच राहिले. ते कोण खायचं, देव जाणे.

*

मग विविधतेचं ट्रेनिंग द्यायला नोएडाहून एक ट्रेनरबाई आल्या. सर्वांना गोल बसवलं आणि म्हणाल्या, "या ऑफिसात आपण परके आहोत, असं ज्यांना कधी वाटलं असेल, त्यांनी उभं राहायचं."

मी उठले. शेजारचा तमिळ मुरुगन उठला. मग अकाउंट्सवाले उठले, कारण त्यांना वकील जेवायला बोलवत नाहीत. मग पक्के दिल्लीवाले उठले, कारण त्यांना गुडगाव परकं वाटतं. शेवटी खुराणासाहेबही उठले! म्हणाले, "मैं आया तो सब खुसुर-फुसुर बंद. मुझे कोई कुछ बताता ही नहीं."

सगळी खोली उभी. बाईंचा चेहरा पडला. खाली बसलेली एकटी एस्थर.

बाई खुलल्या. "वा! तुम्हाला इथे अगदी घरच्यासारखं वाटतं?"

एस्थरने मांडीवरच्या लॅपटॉपमधून मान वर केली. "सॉरी मॅम, मैंने सुना नहीं. सर को कल सुनवाई में जो पढ़ना है, वो लिख रही थी."

*

आणि तो गाडीचा नियम! तेव्हा गुडगावचे रस्ते अंधारे, आजूबाजूला सगळी बांधकामं. म्हणून साहेबांनी फर्मान काढलं, दिवस मावळायच्या आत सर्व लेडीज ऑफिसच्या गाडीने घरी. आमच्या आया खूष, सासवा खूष!

पण अमेरिकेचे क्लायंट फोनवर यायचे ते आम्ही गाडीत बसल्यावर. काय ठरायचं ते तेव्हाच ठरायचं. सकाळी आलो की एखादा कालपरवा लागलेला मुलगा आम्हाला समजावून सांगायला हजर.

एकदा असाच एक एस्थरच्या टेबलाशी आला. "मॅडम, कराराचा तो शेवटचा भाग जरा ट्रिकी आहे. मी सोपं करून सांगू?"

"सांग ना," एस्थर म्हणाली. "लिहिताना मलाही जडच गेला होता."

त्या गाडीसाठी साहेबांचे आभार मानावेत की त्यांच्याशी भांडावं, हे मला आजतागायत ठरवता आलेलं नाही. गाडी चांगली होती हो, एसी होता.

*

एस्थरने राजीनामा दिला त्या दुपारी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. बिचारे पार कोसळले होते.

"पाटील, क्या कमी रह गई? मोमो दिए, ट्रेनिंग दी, गाड़ी दी. नाताळला झाड आणू का?"

माझं डोकंच फिरलं. "सर, तिला झाड नकोय! तिला केस मांडायचीय! किती वर्षं सांगतेय ती!"

"पर वो तो मीटिंग में चुप रहती है."

"बोलायला दिलंय कुठे तुम्ही?"

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "क्लायंट मानेगा?"

"कुठल्या क्लायंटला विचारलंत तुम्ही?"

साहेबांनी खुर्ची खिडकीबाहेरच्या क्रेनकडे वळवली. मला वाटलं, आता दोन राजीनामे होणार, तिचा आणि माझा. तेवढ्यात त्यांनी इंटरकॉम उचलला. "एस्थर बेटा, गुरुवार का मॅटर... आप कर लो."

एस्थर दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, "करते सर. पण राजीनामा मागे घेतलेला नाही. सुनावणी झाल्यावर बघते."

*

गुरुवारची सुनावणी दिल्लीत, एका हॉटेलच्या हॉलमध्ये. लवाद म्हणून एक निवृत्त न्यायमूर्ती होते, वयस्कर आणि भारी कडक. एस्थर पुढे, मी तिच्या बाजूला, खुराणासाहेब मागच्या खुर्चीत. आयुष्यात पहिल्यांदा मागे बसले होते, त्यांना बसताच येईना! न्यायमूर्तींनी काही विचारलं की हे सवयीने अर्धे उठायचे आणि मी कोट धरून खाली ओढायची. समोरच्या वकिलाला कळेना, कोणाकडे बघून बोलायचं.

एस्थर मात्र शांत. जेवणाच्या सुट्टीपर्यंत बोलली, सुट्टीनंतरही बोलली. समोरच्याने अडवलं की थांबायची, ऐकून घ्यायची आणि तिथूनच पुढे धरायची. मला इतका अभिमान वाटला की मी टिपणं घ्यायचंच विसरले.

शेवटी न्यायमूर्तींनी डायरी उघडली. "उरलेला युक्तिवाद दिवाळीनंतर ऐकू. मॅडम, तुम्हाला जमेल?"

मागे साहेबांची खुर्ची करकरली. एस्थरने हातातलं पेन बंद केलं, परत उघडलं.

"जमेल, सर."

न्यायमूर्तींनी तारीख लिहिली. मग चष्म्यावरून मागे बघितलं. साहेब पुन्हा उभेच होते, आणि या वेळी मी ओढलंही नव्हतं.

"आणि आपण कोण?"

खुराणासाहेबांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा स्वतःच्या काळ्या कोटाकडे.

"मैं?" ते म्हणाले. "मैं तो, सर... मैडम के साथ आया हूँ."