पेटीवरचे दोन ठिपके

ठिपकेमामा कुठलीही गिअरपेटी बंद करत, तेव्हा शेवटचा बोल्ट आवळून झाल्यावर खिशातून पंच, म्हणजे टोकदार पोलादी खिळा, काढत आणि जोडाच्या दोन्ही बाजूंना एकेक ठिपका मारत. हातोडी डाव्या हातात, ठोका एकच आणि तोही हलका. पुढे कुणी ती पेटी उघडली, तर ठिपके समोरासमोर आणून पहिल्यासारखीच बंद करता यावी, हा त्याचा उपयोग. मामांच्या लेखी मात्र त्याला आणखी अर्थ होता. "ही माझी सही हाय, सर. उद्या काय बिघडलं तर शिव्या कुणाला द्यायच्या ते कळलं पायजे."

आमच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या वर्कशॉपमध्ये ते फिटर होते आणि मी यंत्र विभागाचा प्रमुख. मूळचे सोयगावकडचे. नोकरीआधी दहा-बारा वर्षं त्यांनी फर्दापुरात पर्यटकांच्या जिपा दुरुस्त केल्या होत्या. रोज सकाळी दारात "जयभीम, सर" म्हणत. मी मान हलवत असे. पंधरा वर्षांत उत्तरादाखल तो शब्द मी एकदाही उच्चारला नाही.

चालू यंत्रावर ते लांब स्क्रूड्रायव्हर टेकवत, त्याची मूठ कानाला लावत आणि डोळे मिटून ऐकत. मग निकाल सांगत, "मागचं बेरिंग रडायलंय." उघडून पाहिलं की मागचंच निघे. मुलांना याची फार गंमत वाटे. मला वाटत नसे. माझ्याकडे डॉक्टरेट होती आणि तो कान नव्हता.

मुलं दरवर्षी एक बग्गी बांधत. नुसत्या नळ्यांचा सांगाडा, एकच सीट, मागे इंजिन आणि मालवाहू रिक्षाची गिअरपेटी. ती चिखल, दगड, चढ यांतून पळवायची आणि इतर महाविद्यालयांशी स्पर्धा करायची. त्याआधीच्या वर्षी आमची बग्गी चिखलात रुतली होती. मागचं एक चाक भिरभिरत चिखल उडवत राहिलं आणि दुसरं ढिम्म उभं. लोक हसले. ते हसू मी घरी घेऊन आलो.

दोष गिअरपेटीतल्या डिफरन्शियलचा होता. खरं तर दोषही नव्हे, त्याचा स्वभावच तो. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, म्हणून दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणं हे त्याचं काम. पण एक चाक घसरायला लागलं की सगळा जोर तिकडेच वाया जातो. मी तोडगा काढला. आतले गिअर वेल्डिंगनं एकमेकांना जोडून टाकायचे, म्हणजे दोन्ही चाकं कायम बरोबरच फिरतील. चिखलापुरता तो बरोबरही होता.

मामांनी ऐकून घेतलं आणि मान हलवली. "सर, दोन चाकं म्हंजी दोन भाऊ. सरळ रस्त्यानं एकमेकाचे पाय बांधून चालतील. वळणावर काय करतील? कडक जमिनीवर गाडी वळायचीच नाय. नायतर एक्सल पिळून तुटंल."

नुसता नकार देऊन ते थांबले नाहीत. ट्रॅक्टरला डाव्या आणि उजव्या चाकाचे ब्रेक वेगळे असतात, तसे बग्गीला लावा म्हणाले. जे चाक भिरभिरतंय तेवढंच दाबायचं, की जोर आपोआप दुसऱ्याकडे जातो. मुलं खूश झाली. संघाची कप्तान ऋतुजा, तीच गाडी चालवायची, ती म्हणाली, "सर, घरचा ट्रॅक्टर मी असाच चालवते." मी दोघांनाही म्हणालो की इथं इंजिनिअरिंग चालतं, नांगरट नाही. मुलं हसली. मामा हसले नाहीत. "मी नाय जोडणार, सर. जे परत उघडता येत नाय, ते मी बंद करत नसतो."

मग मी पेटी चिकलठाण्याच्या एका शेडमध्ये नेऊन वेल्डिंग करून आणली. असा बदल करायचा तर विभागप्रमुखाची लेखी टीप लागते. ती मी लिहिली नाही. मामांनी पेटीला हात लावला नाही, म्हणून मुलांना हाताशी धरून मीच ती बसवली. अर्थात तिच्यावर ठिपके नव्हते.

मैदानामागच्या कडक मुरमावर चाचणी झाली. तिसऱ्या वळणावर ऋतुजानं स्टिअरिंग पूर्ण फिरवलं आणि बग्गी सरळच गेली, कडेच्या नाल्यावरच्या पुलाच्या दगडी कठड्यावर. तिच्या गुडघ्याचा चुरा झाला. ती आजही किंचित लंगडते.

चौकशी समिती आठवड्यानं येणार होती आणि निवृत्तीला मला दीड वर्ष उरलं होतं. भर दुपारी, सगळे जेवायला गेले असताना, मी वर्कशॉपमध्ये गेलो, मामांच्या ड्रॉवरमधून पंच घेतला आणि त्या पेटीवर दोन ठिपके मारले. घाईत दोन्ही ठोके जोरात बसले.

समितीसमोर पेटी ठेवली, तेव्हा मामा वाकून बराच वेळ बघत राहिले. मग सावकाश म्हणाले, "मी डावरा हाय, साहेब. माझा ठिपका डावीकडून कलतो. हा उजव्या हाताचा ठोका हाय." अध्यक्षांनी हसून मला विचारलं, तुमचं काय म्हणणं? मी म्हणालो, "वर्कशॉपच्या पेट्यांवर ठिपके त्यांचेच असतात." या वाक्यात एक अक्षरही खोटं नव्हतं. मुलांपैकी कुणालाच बोलावलं नव्हतं, आणि ऋतुजा दवाखान्यात होती. मामांनी माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्याकडे नाही, उजव्या हाताकडे.

त्यांची नोकरी गेली. पुढच्या वर्षीच्या बग्गीला वेगवेगळे ब्रेक लावले आणि ती चिखलातून व्यवस्थित निघाली. अहवालात ती विभागाची कल्पना ठरली. खाली सही माझी.

निवृत्तीनंतर तीन वर्षांनी मुकुंदवाडीच्या एका रिक्षा गॅरेजात मी त्यांना गाठलं. "या सर," एवढंच म्हणाले. जयभीम नाही. चहा मागवला आणि विचारलं, "पोरीचा पाय कसाय?" मी सांगितलं. ते एक पेटी बंद करत होते. शेवटचा बोल्ट आवळला, फडक्यानं हात पुसले आणि पेटी बाजूला सरकवली. मी विचारलं, ठिपके?

"सोडलं ते. सही कुणीबी करतंय."

माफी मागायला गेलो होतो. चहा पिऊन परत आलो.

मामा गेल्या महिन्यात वारले. मी महाविद्यालयाला सगळं सविस्तर लिहून कळवलं. नव्या प्रमुखांचा फोन आला. सर, इतक्या वर्षांनी आता कशाला, संस्थेचं नाव खराब होईल, म्हणाले. मामांच्या नावाचं काय, असं मी विचारलं, तेव्हा त्यांना ते नाव ठाऊक नव्हतं.

ती पेटी अजून वर्कशॉपच्या काचेच्या कपाटात आहे. खाली पाटी आहे, 'निष्काळजी कामाचा नमुना'. दरवर्षी नव्या मुलांना ती दाखवतात. तुमच्यापैकी कुणी तिकडे गेलात, तर जरा वाकून पाहा. ठिपके खोल आहेत आणि उजवीकडून कललेले आहेत. ते माझे आहेत.