कडकडीत उपाशी

“बीपीची गोळी दिलीच नाही?” सांगलीच्या दवाखान्यात भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई माझ्यावर ओरडल्या. थोरल्या भावाच्या मेंदूतली गाठ काढायची होती.

“आवं, उपाशी ठेवा म्हनलासा न्हवं? थुंकीसुद्धा गिळू दिली न्हाई!” मी ऐटीत सांगितलं.

“गोळी घोटभर पाण्याबरोबर द्यायची होती. दाब चढलाय. ऑपरेशनमध्ये असाच चढला तर मेंदूत रक्तस्राव होईल, पडला तर मेंदूला रक्त पुरणार नाही.”

सुईतून औषध देऊन त्यांनी दाब उतरवला, मग भावाला आत नेलं. पाच तास माझं काळीज असं धडधडलं, की कराड स्टेशनात लोक गाडी आली म्हणून उठले असतील. भावाला मीच मारलं, एवढंच डोक्यात.

बाई बाहेर आल्या. “दाब जाग्यावर ऱ्हायला का वो?” मी विचारलं.

“राहिला. त्यासाठीच मी आत होते.”