अर्धा वेळ ताईचा

गल्लीत सगळे त्यांना टेलरबाई म्हणत आणि बहिणीला टेलरबाईंची धाकटी. आता उलटं झालं होतं. "त्या भाषण करतात ना, त्यांच्या बहिणीकडे शिवायला टाक," असं एक गिऱ्हाईक दुकानाच्या दारातच म्हणालं, तेव्हा टेलरबाईंनी तोंडातल्या टाचण्या काढून डबीत आपटल्या.

धाकटीला एका दलालानं हॉटेलात नोकरी लावतो म्हणून परगावी नेलं आणि विकलं. टेलरबाईंनी मशीन झाकून ठेवलं, पोलीस ठाण्यांचे उंबरे झिजवले आणि तिला शोधून आणलं. दलाल मात्र सुटला. मुलगी राजीखुशीनं, कागदावर स्वतः सही करून गेली, असं त्याच्या वकिलानं दाखवून दिलं. तेव्हापासून कायदा कडक व्हावा म्हणून दोघी एका संस्थेबरोबर सभांना जात. जायच्या दोघी, पण माइक यायचा धाकटीपुढे. सापडलेलीचं कौतुक, शोधणारीला कोण विचारतो?

नव्या कायद्याचा मसुदा करणाऱ्या समितीचं बोलावणं आलं. संस्थेच्या वकीलबाई म्हणाल्या, "वेळ थोडाच मिळणार. संमतीचं निमित्त करून दलाल सुटता कामा नये, हे कलम हवंय. तेवढं त्यांच्या कानावर गेलंच पाहिजे."

"अर्धा वेळ ताईला," धाकटी म्हणाली. "शोधाशोधीचं ती सांगेल, कलमाचं मी."

"दान करतेस होय?"

"अगं, तोंडात टाचण्या नसल्या की तू छान बोलतेस!"

समितीसमोर टेलरबाई पहिल्या उठल्या. पहिलं ठाणं, दुसरं ठाणं, जांभया देणारा हवालदार, चप्पल तुटली तो रस्ता. काही म्हणजे काही सोडलं नाही. वकीलबाई डोळ्यांनी खुणावत होत्या. टेलरबाईंनी ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. सगळ्यांनी इतके दिवस हिचं ऐकलं, आज माझं ऐका!

"वेळ संपला," अध्यक्ष म्हणाले. "पुढचे कोण?"

वकीलबाईंचा चेहरा उतरला. कलमाचा शब्दही निघाला नव्हता. टेलरबाईंनी वळून धाकटीकडे पाहिलं.

धाकटी जागेवरच उभी राहिली, माइकशिवाय. "साहेब, मी राजीखुशीनं गेले. सही माझीच होती. पण हो म्हटलं होतं ते नोकरीला, विकायला नाही."

टेबलापलीकडची सगळी पेनं चालू लागली. टेलरबाई बोलत असताना एकही हललं नव्हतं. "पुन्हा सांगा," अध्यक्ष म्हणाले, "जसंच्या तसं लिहून घेतो. याचं कलम करावं लागेल."

बाहेर जिन्यावर धाकटीनं टेलरबाईंचा दंड धरला. "ताई, चप्पल तुटल्यावर अनवाणी फिरलीस? मला कधी बोलली नाहीस."

"मग काय, गाडी पाठवली होतीस तू?"

धाकटी हसता हसता रडायला लागली. टेलरबाईंनी रुमाल तिच्या हातात कोंबला. कलम होणार याचा आनंद खोटा नव्हता. पण सगळा वेळ खाऊन आपल्याला जे जमलं नाही, ते हिनं उभ्याउभ्या करून टाकलं, आणि वर रागावलीसुद्धा नाही! निदान एक शब्द टाकून बोलायचं. तेवढाही मोठेपणा हिनंच घ्यावा?

दंड सोडवून घेऊन त्या भराभरा पुढे उतरू लागल्या.