स्वस्तातली बंदूक

मला वस्तू तपासायची खोड आहे, आणि खरं सांगायचं तर त्या खोडीचा थोडा माजही आहे. पुण्यात कारखान्यात अकरा वर्षं क्वालिटीत काढली, कॅनडात रेजिनाला आलो तर इथेही पाइप आणि व्हॉल्व्हच तपासतो. आपल्या मंडळींपैकी कुणाला जुनी गाडी घ्यायची असली की मला बरोबर नेतात. मी थंडीत गाडीखाली आडवा होतो, गंज शोधतो, विंटर टायर्सच्या खाचांत नाणं घालून बघतो आणि बाहेर येऊन असं काही तोंड करतो की मालक आपणहून भाव उतरवतो. हे तोंड मी नागपूरला शिकलो, बर्डीच्या बाजारात, वडिलांच्या मागे पिशवी धरून हिंडताना. वस्तू आवडली की आधी तिच्यात खोट काढायची, आपला भाव सांगायचा आणि उठून चालू लागायचं. फार लांब जायचं नाही, हाक ऐकू येईल इतपतच.

बंदुकीचा नाद मात्र इथला. ऑफिसातल्या एकाने उन्हाळ्यात त्याच्या भावाच्या शेतावर नेलं होतं. तिथे गोफर म्हणून खारीसारखे प्राणी असतात, जमीन पोखरून ठेवतात, गुरांचे पाय त्या बिळांत मोडतात. त्यांच्यासाठी बावीस बोअरची हलकी रायफल वापरतात. माझ्या हातून एकही गोफर मेला नाही, पण त्या यंत्राच्या मी प्रेमात पडलो. इतकं नेमकं बसवलेलं, इतकं अलगद सरकणारं लोखंड बऱ्याच दिवसांत हाताला लागलं नव्हतं. मग कोर्स केला, परीक्षा दिली, लायसन्स काढलं. बायको म्हणाली, आपल्या दोन्ही घराण्यांत मिळून झुरळापलीकडे कुणी काही मारलेलं नाही, आणि तू मोठा शिकारी लागून गेलास. तरी मी जाहिराती बघत राहिलो.

दोन वर्षांपूर्वीच्या नोव्हेंबरात एक जाहिरात दिसली. लाकडी दस्त्याची सेमी-ऑटोमॅटिक, म्हणजे एक गोळी सुटली की पुढची आपोआप जागेवर येते, चाप तेवढा दर वेळी ओढायचा. किंमत बाजारभावाच्या जेमतेम निम्मी. इतकी स्वस्त वस्तू दिसली की मला आनंद होत नाही, संशय येतो. खाली एकच ओळ होती, आजच्या आज नेणाऱ्यालाच देऊ. मी ऑफिसातूनच फोन लावला.

फोनवर सत्तरीच्या पुढची बाई होती. तिने काही लपवलं नाही. बंदूक नवऱ्याची. नवऱ्याची स्मृती चाललेली, डॉक्टरांनी वर्षभरापूर्वीच सांगितलं होतं. गेला आठवडाभर त्याला अंगणातल्या शेडपाशी एक माणूस उभा दिसतो. कालपासून तो बंदुकीच्या कपाटाची किल्ली मागतोय. बाकीच्या बंदुका मुलगा मागेच घेऊन गेला होता, ही एक राहिली होती, आणि मुलगा आता दूर कामावर होता. पोलिसांना बोलावलं तर गणवेशातली माणसं बघून नवरा बिथरेल, म्हणून तिला कुणीतरी साधा माणूस येऊन ती बंदूक घेऊन जायला हवा होता. अंधार पडायच्या आत. माझा लायसन्स नंबर तिने तिथल्या तिथे लिहून घेतला आणि बंदूक विकायला लागणारा सरकारी परवानगीचा आकडा मी पोचायच्या आधी काढून ठेवते म्हणाली.

घरी पैसे घ्यायला थांबलो तेव्हा बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, भाव करत बसू नकोस तिथे, ती बाई अडचणीत आहे. मी बूट घालत म्हणालो, "अडचणीतलाच माणूस भाव सोडतो." हे मी बोललो. आज लिहितानाही लाज वाटते, पण बोललो हे खरं आहे.

दीड तासाचा रस्ता. डांबरी संपून खडीचा लागला तसं धुकं उतरलं. तारांवर, गवताच्या काड्यांवर पांढरं दव गोठलं होतं, आकाश आणि जमीन यांच्यातली रेघच पुसली गेली होती. त्यात एकदम काळ्या झाडांची रांग आली, तिच्या आड घर आणि घरासमोर जुनं लाल शेड. कुत्रं नाही, धूर नाही. गाडीचं दार लावल्याचा आवाज मला स्वतःलाच मोठा वाटला.

बाईने दार उघडलं ते बोटभरच, मग मला पटकन आत घेतलं. गळ्यात दोरीला किल्ली होती. आत शिरल्याबरोबर माझं लक्ष भिंतींकडे गेलं. प्रत्येक आरशावर चादर टाकलेली होती. मायक्रोवेव्हच्या काचेवरसुद्धा वर्तमानपत्र चिकटवलेलं. त्याला काचेतलं तोंड ओळखू येत नाही, घरात कुणी शिरलं असं वाटतं, ती हळू आवाजात म्हणाली. फक्त बाहेरच्या खोलीची मोठी खिडकी उघडी होती, कारण ती झाकली की तो ओरडतो. त्या खिडकीसमोर खुर्चीत तो बसला होता. उंच, दाढी केलेला, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत नीट लावलेला म्हातारा. मला बघून अदबीने अर्धवट उठला.

"तुम्ही कालही आला होतात," तो म्हणाला. "शेडपाशी उभे होतात. आत का नाही आलात?"

मी म्हणालो की मी आज पहिल्यांदाच येतोय. तो हसला, पाहुण्याचं खोटं पोटात घालावं तसा, आणि परत खिडकीकडे वळला. माझ्या मानेवर काटा आला. पण समोर स्वयंपाकघराच्या टेबलावर टॉवेलवर ती बंदूक ठेवली होती, आणि ती बघितल्यावर मी बाकी सगळं विसरलो.

काय वस्तू होती! अक्रोडाचा दस्ता, गालाच्या जागी वर्षानुवर्षं घासून मऊ झालेला. खटका मागे ओढला, गोळी बसते ते आतलं घर रिकामं. मोबाइलचा दिवा टाकून नळीतून पाहिलं, आतले आटे स्वच्छ, वळणं धारदार. स्क्रू कुणी चुकीच्या स्क्रूड्रायव्हरने खरवडलेले नाहीत. निम्म्या किमतीत ही म्हणजे लॉटरीच. बाई मधूनच घड्याळाकडे बघत होती. बंदूक मी रिकामी केली आहे, गोळ्यांचे डबे सकाळीच शेजाऱ्याकडे दिले, बंदूक मात्र तो ठेवून घेईना, असं तिने दोनदा सांगितलं. मी मान हलवली. माझं डोकं भलतीकडेच चाललं होतं. मी खोट शोधत होतो, कारण खोट सापडल्याशिवाय भाव कसा करणार?

शेवटी नळीच्या तोंडाशी तांदळाच्या कणीएवढा एक ठिपका सापडला. गंजसुद्धा नसावा, धूळच असावी. मी माझं ते तोंड केलं. नळी गेली आहे म्हणालो, नेम धरणार नाही. आणि तिने मागितलेल्या किमतीतून आणखी शंभर डॉलर कमी सांगितले. तिने फक्त नवऱ्याच्या पाठीकडे पाहिलं. मला वाटलं, पिकलं आता. मी हातमोजे चढवले, बघा विचार करून, म्हणालो आणि बाहेर पडलो.

गाडीत बसलो असतो तर खरंच निघालो असं वाटलं असतं, म्हणून बसलो नाही. वाऱ्याच्या आडोशाला जरा पलीकडे जाऊन उभा राहिलो, खिशात हात घालून, घराकडे तोंड करून. हाक येण्याची वाट बघत. एक मिनिट झालं, दोन झाली. धुक्यात काहीच हलत नव्हतं. पाय गार पडले म्हणून खाली पाहिलं तर माझ्या आधीच तिथला बर्फ तुडवलेला होता. एकाच जागी उभं राहून कुणीतरी पुन्हा पुन्हा पाय आपटलेले, ठसे ताजे. मी मान वर केली. पाठीमागे लाल फळ्या होत्या. मी शेडपाशी उभा होतो.

मग खिडकीत तो दिसला. उभा. हातात बंदूक. त्याचा हात खटक्यावरून सराईतपणे मागेपुढे गेला आणि नळी माझ्याकडे वळली. घरातले सगळे आरसे झाकलेले, एवढी एक काच उघडी, आणि तिच्यात मी.

मी पळालो नाही. शौर्य नव्हतं ते. बंदूक रिकामी आहे, मीच तर तपासली, याची मला पुरेपूर खात्री होती. तरी मी घाबरलो, पण गोळीला नाही. तो आठवडाभर ज्याला बघत होता तो मी आहे, असं मला त्या क्षणी वाटलं. नुसतं वाटलं नाही, पटलं. माझे हात खिशातून बाहेर निघेनात. किती वेळ गेला कोण जाणे. मग त्याच्या खांद्यामागून बाई आली, तिने नळीवर हात ठेवला आणि ती हळूहळू खाली दाबली.

मी दोन्ही हात दिसतील असे धरून घराकडे चालत गेलो. आत पाऊल टाकलं तर म्हातारा पुन्हा खुर्चीत बसलेला, धापा टाकत. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा सैल पडला.

"बरं झालं आलात," तो म्हणाला. "तो आत्ता तिथे उभा होता. गेला का?"

"गेला," मी म्हणालो.

बाई टेबलाला टेकून उभी होती. बंदूक तिने छातीशी धरली होती, तान्ह्या मुलाला धरतात तशी. ती म्हणाली की ते ठसे तिचेच, नवरा तिला दिवसातून दहादा तिथे पाठवतो, कुणी नाही हे बघून यायला. मी कसंबसं विचारलं, मला हाक का नाही मारली? तिने आवाज आणखी खाली आणला.

"दाराशी आले होते हाक मारायला. पण त्याला वाटलं असतं, त्या माणसाला मी ओळखते. मग माझ्यावरही त्याचा विश्वास राहिला नसता. तेवढा विचार करेपर्यंत तो उठून टेबलावरची बंदूक घेऊन गेला होता."

मी पैसे टेबलावर ठेवले, बाजारभावाने पूर्ण. तिने जाहिरातीतली किंमत मोजून घेतली आणि उरलेले माझ्याकडे सरकवले. मी पुन्हा पुढे केले तर म्हणाली, मला पैसे नको होते, ही घरातून जायला हवी होती. रागावून नाही, नुसतं सांगितलं. बंदूक कव्हरमध्ये घातली, कुलूप लावलं, परवानगीच्या आकड्याचा कागद घेतला आणि निघालो. म्हाताऱ्याने हात हलवून निरोप दिला.

घरी बायकोने विचारलं, झालं का नीट? मी हो म्हणालो आणि बंदूक कुलपात टाकली. जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, लख्ख उजेडात, गॅरेजमधल्या टेबलावर ती साफ करायला घेतली. ह्या बंदुकीत नळीखाली एक लांब पोकळी असते, गोळ्या तिच्यात एकामागे एक बसतात आणि एक पितळी पुंगळी त्यांना दाबून धरते. काल मी ती काढली नव्हती. ती काढल्याशिवाय बंदूक रिकामी म्हणायची नाही, हे मला कोर्सच्या पहिल्याच दिवशी शिकवलेलं. दस्त्यापासून नळीच्या तोंडापर्यंत सगळं तपासलं, शंभर डॉलरसाठी धुळीचा कण शोधून काढला, आणि तेवढं एक राहिलं. मी पुंगळी ओढून काढली, बंदूक तिरकी केली, काही आलं नाही. तळहातावर दोनदा आपटली. काल खटका ओढूनही वर न चढलेली, जुन्या तेलाच्या चिकट्यात अडकलेली एक गोळी सुटून टेबलावर पडली आणि घरंगळत कडेपर्यंत गेली.

मी खाली फरशीवरच बसलो. बायको कपड्यांची बादली घेऊन दाराशी आली होती, तिने गोळी बघितली, मग मला. मी तिला सगळं सांगितलं, शेडपाशी उभा राहिलो तेही. बादली तिथेच ठेवून ती माझ्याशेजारी फरशीवर बसली.

तासाभराने मी त्या बाईला फोन केला. सांगायचंच असं ठरवून केला होता. तिने उचलला, आवाज कालपेक्षा कितीतरी हलका होता. म्हणाली, काल तो रात्रभर झोपला आणि महिन्याभरात पहिल्यांदा मीही झोपले. मग तिने विचारलं, "का हो, बंदुकीत काही खोट निघाली का?"

"नाही," मी म्हणालो. "बंदूक अगदी उत्तम आहे."