गोठ्यातली मोटार

जुनी मोटार घरी उघडून परत जोडली की दोन-चार नट उरतातच. कुठले, ते कोणालाच आठवत नाही. आमचे हे म्हणतात, "जास्तीचेच असतील." मग ते नट एका डब्यात पडतात. आमच्याकडे तो डबा भरला, मग दुसरा भरला. किश्शांचंही तसंच झालं. मैत्रिणी विचारतात म्हणून सांगते. नाहीतर मोटार हा शब्द काढायचासुद्धा मला आताशा थकवा येतो.

माणसं तीनच. एक आमचे हे, अमरावतीच्या कचेरीत नकलनवीस. दुसरे शेजारचे बाबाराव माळी, भाजी आणि फुलं पिकवून विकणारे. तिसरे डॉक्टर, होमिओपॅथीच्या गोळ्या देणारे. तिघांपैकी एकालाही मोटार धड चालवता येत नव्हती. दुरुस्त मात्र करता येते, याबद्दल तिघांची खात्री होती.

*

गाय विकल्यापासून आमचा गोठा रिकामा होता. मी तो सारवून, चुना देऊन ठेवला होता. मी हायस्कुलापर्यंत शिकलेली. आळीतल्या अकरा बायकांना दुपारी लिहा-वाचायला शिकवायचे. आम्ही ओट्यावर बसत असू. पण तिथे पुरुषांची येजा, बायका पदर सावरण्यातच निम्मा वेळ घालवायच्या. म्हणून गोठा वर्गाला द्यायचा, हे ह्यांनीच कबूल केलं होतं.

मग हे एका लग्नाला अकोल्याला गेले. उद्या येतो म्हणाले आणि चौथ्या दिवशी आले. जुन्या शहरात एका व्यापाऱ्याच्या परसात कापडी टपाची विलायती मोटार उभी होती, आत कोंबड्या अंडी घालत होत्या. ती ह्यांनी घेतली. पुढे बैलजोडी, मागे मोटार, आणि मोटारीत चाक धरून हे. अशी वरात अकोल्याहून निघाली.

वाटेत प्रत्येक गाव आलं की हे भोंगा वाजवायचे. शेवटी बडनेऱ्याच्या अलीकडे गाडीवान खाली उतरला आणि हात जोडून म्हणाला, "सायेब, बैल बुजून राह्यले. चालवाचं काम ते करतात, तुमी नुसते बसा."

मोटार गोठ्यात गेली. "आठ दिवसांचा प्रश्न आहे," हे म्हणाले. वर्ग ओट्यावरच राहिला.

*

डॉक्टर फार नीटनेटके. मोटारीचा बारीक भाग निघाला की ते तो औषधाच्या रिकाम्या बाटलीत घालायचे आणि वर चिठ्ठी लावायचे. "म्हणजे गोंधळ होत नाही," असं ते ह्यांना नेहमी ऐकवायचे.

एकदा चाकातले छर्रे हरवले. अगदी बारीक, चकचकीत, पोलादी. तिघांनी गोठा झाडून काढला. माझी तांदूळ धुवायची रोळीसुद्धा पाहिली. दोन दिवस काम बंद.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरांचा एक म्हातारा पेशंट गालात काहीतरी घोळवत आमच्या दारात आला.

"डाक्टर, दोन रोज झाले चघळून राह्यलो, गोयी काही इरघळत नाही."

डॉक्टरांनी हात पुढे केला. "थुंका इथं."

म्हाताऱ्याने थुंकली. डॉक्टरांनी ती धोतराच्या सोग्याला पुसली, उजेडात धरून पाहिली आणि ह्यांच्या हातात दिली. मग म्हाताऱ्याला विचारलं, "बाकीच्या पाच कुठं आहेत?"

"घरी. पण एक सांगतो," म्हातारा म्हणाला, "खोकला गेला."

*

लढाईचे दिवस. विलायतेहून काही येत नव्हतं. इंजिनाच्या दोन भागांच्या मधे घालायचा जाड पुठ्ठासुद्धा मिळेना, आणि तो नसला की तेल गळायचं.

एके दुपारी मी वर्गाला अक्षरांचा तक्ता टांगला, तर त्याला खालच्या बाजूने मोठं भोक. आकार असा की भोपळ्याशेजारी वांगं ठेवावं.

मी तक्ता घेऊन गोठ्यात गेले. हे इंजिनाखाली उताणे, नुसते पाय बाहेर. मी पायांनाच विचारलं, "हे कोणी केलं?"

पाय थोडे आत सरकले. मग आतून आवाज आला, "अगं, ळ, क्ष आणि ज्ञ तेवढे गेलेत. तुझ्या बायका अजून प वरच आहेत ना? त्या तिथं पोचेपर्यंत मोटार तयार होईल."

इंजिनाचं तेल गळायचं थांबलं, हे मी कबूल करते.

*

मोटारीला ब्रेक नव्हता. म्हणजे होता, पण त्या डब्यांपैकी एकात असावा. म्हणून तिघांनी एक पद्धत बसवली. हे चाक धरायचे, डॉक्टर भोंगा वाजवायचे, आणि बाबाराव बाजूच्या पायरीवर लाकडाचा ठोकळा घेऊन उभे राहायचे. मोटार थांबवायची झाली की हे ओरडायचे, "बाबाराव!" मग बाबारावांनी उडी मारून, पळत पुढे जाऊन चाकाखाली ठोकळा सरकवायचा.

तीन फेऱ्या छान झाल्या. चौथ्या दिवशी बाजाराच्या उतारावर ह्यांनी हाक मारली. बाबारावांनी उडीही मारली. पण नेमका समोर त्यांचा साडू उभा.

"राम राम. कदी आले?" बाबारावांनी विचारलं.

"आत्ताच येऊन राह्यलो. पोरीचं जमलं."

"काय सांगता! कोठी देली?"

मोटार पुढे जाऊन बाबारावांच्याच वांग्यांच्या पाटीत थांबली. संध्याकाळी त्यांची बायको मला म्हणाली, "वैनी, आमचं येडं हाये ते ठाऊक होतं. पण तुमचे शिकेल हायेत म्हनून मी गप होती."

मी ती पाटीभर वांगी विकत घेतली. त्या आठवड्यात वांगीच खाल्ली.

*

आठ दिवसांचं वर्ष झालं, वर्षाची अडीच झाली. पेट्रोल कुपनावर, तेही चमचाभर. म्हणून हे मोटार पेट्रोलवर सुरू करून पुढे रॉकेलवर चालवू पाहायचे. काळा धूर सरळ ओट्यावर यायचा. बायका पाट्यांनी तोंड झाकून बसायच्या.

त्या एकेक करून गळायला लागल्या. अकराच्या सात राहिल्या. त्यातली सरस्वती सगळ्यांत हुशार, स्वतःचं पत्र स्वतः लिहिणारी पहिली तीच. एक दिवस ती दारातच उभी राहिली.

"वैनी, मी उद्यापासून नाही येत."

"काहून गं?"

"घरी म्हनतात, तुह्या लुगड्याले रॉकेलचा वास येते. तू शिकाले जाते का चिमन्या भराले?"

त्या दिवशी ह्यांचा सदरा मी तिसऱ्यांदा साबण लावून धूत होते. हात तसेच ठेवून मी ह्यांना म्हटलं, "मला गोठा पाहिजे. दिवाळीपर्यंत वर्ग तिथं नेला नाही तर एकही बाई राहणार नाही."

मी आवाज चढवला नव्हता. पण हे खाली बसले. बराच वेळ नखातलं काळं काढत राहिले. मग म्हणाले, "पोळ्याला कचेरीला सुट्टी आहे. तुला तिवश्याला, तुझ्या आईकडे मोटारीनं नेतो. वाटेत एकदा जरी बैल लावावा लागला, तर मोटार भंगारात देईन, गोठा तुझा. नाही लागला तर ती राहील, आणि तू पुन्हा गोठ्याचं नाव काढायचं नाही."

बाबाराव आणि डॉक्टर साक्षीदार. मी "बरं" म्हटलं. मोटार आजवर बैलाशिवाय दोन मैलांपुढे गेली नव्हती.

*

पोळ्याच्या सकाळी साक्षीदारांसकट चौघं निघालो. खरं सांगते, मोटार चालली. गावं मागे पडत गेली, हे गुणगुणायला लागले. मी मागे बसून पुरणाचा डबा सांभाळत होते आणि मनात सरस्वती धरून सात बायकांची नावं घेत होते.

तिवसा मैलभर राहिलं आणि इंजिन एकदा खोकलं, दुसऱ्यांदा खोकलं नाही. रस्त्याकडेला एक शेतकरी बैलांची शिंगं रंगवत होता. सवयीने बाबारावच त्याच्याकडे गेले. "भाऊ, जोडी लाव ना जरा. मैलभरच."

तो माणूस ब्रश धरून बघतच राहिला. "आज? आज पोया हाये. आज बैलाच्या मानेवर जू ठेवलं तं आमची माय आमाले घरात घेईन का? उद्या या."

बाबाराव परत आले तेव्हा ह्यांचा चेहरा उजळलेला. "बैल लावता येतच नाही," हे म्हणाले. कोट काढला, माझ्या मांडीवर ठेवला. "तू पुढं ये. चाक धर."

"मी?"

"सरळच धरायचं आहे."

अडीच वर्षांत पहिल्यांदा मी त्या चाकामागे बसले. मागून तिघे खांदा लावून ढकलत होते. चिखल, ऊन, आणि दर दहा पावलांनी डॉक्टरांचं "थांबा, थांबा." सजवलेल्या बैलांना घेऊन लोक पोळ्याच्या तोरणाकडे निघाले होते, ते बैल उभे करून आमच्याकडे पाहायचे. एकाने विचारलं, "माय, कोठून आनली ही जोडी?" दुसरा म्हणाला, "जोडी कायची, तीन हायेत."

आईच्या अंगणात मोटार थांबली. हे धापा टाकत पुढे आले. कोट अंगात चढवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं आईला सांगितलं, की असं असं ठरलं होतं, बैल लागला तर मोटार जाणार, आणि आम्ही अमरावतीहून इथवर आलो, एकही बैल लागला नाही. "विचारा हिला. साक्षीदार आहेत."

बाबाराव जमिनीकडे बघत म्हणाले, "लागला नाही, हे खरं हाये."

सगळे माझ्याकडे पाहायला लागले. ठरलं तसंच तर झालं होतं. मी पुरणाचा डबा घट्ट धरला.

आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांच्या खांद्याला हळद-तूप चोळतात, वर्षभर जू वाहिलं म्हणून, आणि त्यांना दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आमंत्रण देतात. आईने ते सगळं काल केलंच होतं. हळद-तुपाची वाटी अजून देवळीत होती.

आईने ह्यांचं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग ती आत गेली, ती वाटी आणि पळसाचं पान घेऊन बाहेर आली, आणि ह्यांच्यासमोर उभी राहिली.

"जवाईबापू, कोट काढा."

हे हसले. आई हसली नाही. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, मोटारीकडे पाहिलं, आणि कोट काढला. आईने पानाने हळद-तूप त्यांच्या खांद्यावर हळूहळू चोळलं. "आवतन घ्या, जेवाले या," ती म्हणाली आणि बाबारावांकडे वळली. त्यांचाही खांदा चोळला. "आवतन घ्या, जेवाले या."

डॉक्टरांना काही सांगावं लागलं नाही. ते आधीच सदऱ्याच्या गुंड्या सोडून, मान खाली घालून रांगेत उभे होते.